क्लोथोच्या कुपीसमोर

हे मनन सावकाश वाचायचं आहे. घाईत असाल तर आत्ता बाजूला ठेवा. रात्रीची आवराआवर झाली की हातात घ्या. मांडी घालून बसा किंवा खुर्चीत बसा, दोन्ही चालेल. दर टप्प्यावर सांगितलेली वस्तू डोळ्यांपुढे आणायची, तिच्यापाशी थोडं रेंगाळायचं आणि मगच पुढची ओळ वाचायची. विषय म्हातारपणाचा आहे. पण म्हातारपणाकडे थेट बघायला गेलं की मन एकतर भितं, नाहीतर स्वतःलाच प्रवचन देऊ लागतं. म्हणून आपण एका लहानशा कुपीकडे बघणार आहोत.

* * *

कुपी समोर आणा. बोटाच्या दोन पेरांएवढी उंच, वर घट्ट बसलेलं टोपण. आत काय दिसतं? बहुतेक काहीच नाही. उजेडात तिरकी धरली तर तळाशी किंवा कडेला पांढुरका, पुसटसा पापुद्रा दिसेल. नव्याने प्रयोगशाळेत आलेल्या विद्यार्थ्याला वाटावं की कंपनीने रिकामीच कुपी पाठवली. आत दहा, पन्नास, फार तर शंभर मायक्रोग्रॅम प्रथिन असतं. दहा मायक्रोग्रॅम म्हणजे एका मिलिग्रॅमचा शंभरावा भाग.

ती उघडतात कशी, तेही बघा. आधी सेंट्रिफ्यूजमध्ये घालून काही क्षण फिरवायची, म्हणजे टोपणाला चिकटलेले कण तळाशी येतात. मग निर्जंतुक द्रावण मोजून सोडायचं. जोरजोरात हलवायचं नाही. फेस झाला की प्रथिनाच्या घड्या मोडतात आणि ते कामाला येत नाही. कुपी हळूहळू कलती करत पावडर विरघळू द्यायची. विरघळली की छोट्या छोट्या नळ्यांमध्ये वाटून उणे ८० अंशांच्या फ्रीझरमध्ये ठेवायची, कारण एकच नळी पुन्हा पुन्हा वितळवली आणि गोठवली तर प्रथिन खराब होतं.

कुपीवर लेबल आहे. त्यावर प्रथिनाचं नाव, मात्रा, तापमान, आणि एक ओळ: केवळ संशोधनासाठी, माणसांवर वापरण्यासाठी नाही. ही ओळ लक्षात राहू द्या.

आतल्या प्रथिनाचं नाव क्लोथो. ग्रीक पुराणात आयुष्याचा धागा कातणारी देवता आहे, तिच्यावरून हे नाव ठेवलं.

* * *

आता कुपी खाली ठेवा आणि एका उंदराकडे बघा.

नव्वदच्या दशकात जपानमध्ये माकोतो कुरो-ओ नावाचे डॉक्टर उच्च रक्तदाबावर काम करत होते. त्यासाठी ते उंदरांच्या गुणसूत्रांत बाहेरचं एक जनुक घालत. जनुक असं घातलं की ते कुठे जाऊन बसेल यावर आपला ताबा नसतो. एका घराण्यात ते भलत्याच ठिकाणी बसलं आणि तिथलं मूळचं जनुक बंद पडलं. ज्या पिल्लांना आई आणि बाप दोघांकडूनही ते बंद पडलेलं जनुक मिळालं, ती पहिले तीन आठवडे इतर पिल्लांसारखीच होती. दूध पीत होती, हुंदडत होती. मग वाढ थांबली. कातडी पातळ झाली, हाडं ठिसूळ झाली, रक्तवाहिन्यांच्या भिंतींत कॅल्शियम साचू लागलं, फुप्फुसांतल्या पोकळ्या फाकल्या, वीण बंद झाली. साधारण दोन महिन्यांच्या आसपास ती मेली. प्रयोगशाळेतला निरोगी उंदीर दोन वर्षं सहज जगतो.

रक्तदाबाचा प्रयोग राहिला बाजूला. कुरो-ओ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बंद पडलेलं ते जनुक शोधून काढलं आणि १९९७ साली ‘नेचर’मध्ये जाहीर केलं.

इथे थांबा. या उंदराचं सगळं ठीक चाललं होतं तोवर क्लोथो कुणालाच ठाऊक नव्हतं. ते नाहीसं झालं तेव्हा कळलं की ते होतं. आता स्वतःच्या शरीराकडे वळा. या घटकेला तुमच्या आत अशी कितीतरी कामं चालू आहेत ज्यांना नाव नाही, किंवा असलेलं नाव तुम्ही कधी ऐकलेलं नाही. तुमचं काहीच दुखत नसेल तर त्या न दुखण्यामागे राबणारे हात मोजता येणार नाहीत इतके आहेत. त्यांना नावं देऊ नका. ते आहेत एवढंच मनात येऊ द्या.

* * *

नसण्याचा परिणाम दिसला की पुढचा प्रश्न ओघानेच येतो: जास्त असलं तर?

२००५ साली, तोवर अमेरिकेत डॅलसला गेलेल्या कुरो-ओंच्या गटाने ‘सायन्स’मध्ये उत्तर दिलं. क्लोथो नेहमीपेक्षा जास्त बनवणारे उंदीर जास्त जगले: नर वीस ते तीस टक्के, माद्या एकोणीस टक्क्यांच्या आसपास. वर्तमानपत्रांना मथळा मिळाला. त्याच शोधनिबंधात आणखी एक गोष्ट होती, जी मथळ्यात मावली नाही: या उंदरांना पिल्लं कमी झाली, आणि नरांचं शरीर इन्सुलिनला नेहमीएवढी दाद देत नव्हतं.

ही दोन वाक्यं शेजारी शेजारी ठेवा. आयुष्य वाढलं. पिल्लं कमी झाली. यातलं एकच वाक्य ऐकायला मन किती उतावीळ असतं, ते तपासा. दुसरं वाक्य वाचताना नजर किंचित घसरली असेल, तर ती घसरली एवढं नोंदवा आणि पुढे चला.

* * *

आता दोन्ही हात पाठीमागे न्या. तळवे कमरेच्या वर, शेवटच्या बरगड्यांपाशी ठेवा. आत, कण्याच्या दोन्ही बाजूंना, मूत्रपिंडं आहेत. शरीरातलं क्लोथो मुख्यतः इथे बनतं.

एका मूत्रपिंडात साधारण दहा लाख सूक्ष्म गाळण्या असतात. दोन्ही मिळून दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात आणि त्यातला नव्व्याण्णव टक्के परत रक्तात घेतात. लघवीवाटे जातो तो उरलेला दीड-दोन लिटर. घड्याळाकडे बघून एक मिनिट हात तसेच राहू द्या. या एका मिनिटात सव्वाशे मिलिलिटरच्या आसपास द्रव गाळला गेला आणि जवळजवळ सगळा परत घेतला गेला. काय ठेवायचं आणि काय टाकायचं, याचा निवाडा त्या मिनिटात लाखो ठिकाणी झाला.

टाकायच्या गोष्टींत फॉस्फेट असतं. ते वाईट नाही. हाडं त्यावर उभी आहेत, पेशीची ऊर्जा त्यावर चालते. शरीरातलं पंच्याऐंशी टक्के फॉस्फरस हाडांतच असतं. पण रोजच्या जेवणातून ते गरजेपेक्षा जास्त येतं. जास्तीचं झालं की हाडांतल्या पेशी एक संप्रेरक रक्तात सोडतात: एफजीएफ-२३. हाडाने मूत्रपिंडाला धाडलेला निरोपच तो, की पुरे झालं, आता बाहेर टाक.

हा निरोप मूत्रपिंडाला पोचतो कसा? बँकेतलं लॉकर तुम्ही कधी उघडलं असेल. तुमची किल्ली एकटी काही करू शकत नाही. आधी बँकेच्या माणसाने आपली किल्ली फिरवावी लागते. एफजीएफ-२३ ही तुमची किल्ली. मूत्रपिंडाच्या पेशीवर क्लोथो हजर असेल तरच ती कुलपात बसते. जपानी शास्त्रज्ञांनी हे २००६ साली दाखवलं. क्लोथो नसलेल्या उंदराच्या रक्तात एफजीएफ-२३ भरपूर असतं. हाड सारखं हाका मारत राहतं आणि मूत्रपिंडाला ऐकूच येत नाही. फॉस्फेट रक्तात तुंबतं आणि जिथे जायला नको तिथे, म्हणजे रक्तवाहिन्यांच्या भिंतींत, कॅल्शियमसोबत जाऊन बसतं.

याच उंदरांना कमी फॉस्फरसचं खाणं दिलं तेव्हा त्यांची बरीचशी लक्षणं मागे हटली, असं २००१ सालीच दिसून आलं होतं.

इथे बराच वेळ थांबा, कारण मननाचा गाभा इथे आहे. ज्याला आपण अकाली म्हातारपण म्हणत होतो, त्यातलं बरंच काही नुसतं खाणं बदलल्याने कमी झालं. मग ते म्हातारपण होतं की म्हातारपणासारखा दिसणारा आजार? यावर शास्त्रज्ञांत वाद झाला आणि दोन्ही बाजूंना अर्थ आहे. पण तुमच्या-माझ्यासाठी त्या वादातून एक विचार हाती लागतो. वर्षं सरतात म्हणून शरीर जुनं होतं, असं आपण सहज धरून चालतो. क्लोथोचा उंदीर सांगतो की वर्षं सरली नव्हती. आतले निरोप पोचायचे थांबले होते आणि टाकायचं ते टाकलं जात नव्हतं. वय हा कॅलेंडरचा हिशेब झाला. झीज हा देखभालीचा हिशेब आहे. दोन्ही हिशेब सहसा बरोबरीने चालतात म्हणून आपण त्यांना एकच समजतो.

हात खाली घ्या. खांदे सैल सोडा.

* * *

कुपीकडे परत या. आतलं प्रथिन कुणाच्या मूत्रपिंडातून काढलेलं नाही. ते बनवलेलं आहे.

माणसाच्या क्लोथोची साखळी १०१२ अमिनो आम्लांची. तिचा शेवटचा लहानसा भाग पेशीच्या आवरणात रुतलेला असतो आणि बाकी जवळजवळ सगळी साखळी बाहेर असते. शरीरातली काही विकरं ही बाहेरची साखळी कापून मोकळी करतात. मग ती रक्तात, लघवीत, मेंदूभोवतीच्या द्रवात फिरते. कुपीत सहसा याच मोकळ्या भागाची नक्कल असते. तिच्या टोकाला बहुधा हिस्टिडिनचे सहा घटक मुद्दाम जोडलेले असतात, कारण हिस्टिडिन निकेलला धरून बसतं. पेशींनी ज्यात प्रथिन सोडलं ते द्रावण निकेलच्या नळीतून जाऊ दिलं की बाकी सगळं वाहून जातं आणि हवं ते प्रथिन अडकून राहतं.

हे प्रथिन मोठं आहे, घड्यांचं आहे, त्यावर जागोजागी शर्करेच्या साखळ्या चिकटलेल्या असतात. जिवाणूंकडून एवढं कलाकुसरीचं काम नीट होत नाही. त्यासाठी सस्तन प्राण्यांच्या पेशी लागतात. कुणी उंदराच्या वापरतं, कुणी चिनी हॅमस्टरच्या, आणि पुष्कळ जण एचईके-२९३ नावाच्या मानवी पेशी वापरतात. १९७३ साली नेदरलँड्समधल्या लायडनच्या प्रयोगशाळेत, गर्भपात झालेल्या एका गर्भाच्या मूत्रपिंडातल्या पेशींत विषाणूचं डीएनए घालून फ्रँक ग्रॅहम यांनी त्या तयार केल्या. २९३ हा त्यांच्या वहीतला प्रयोगाचा क्रमांक.

त्या पेशी बघा. सपाट प्लास्टिकच्या बाटलीत गुलाबी द्रावण, ३७ अंशांची ऊब, आणि तळाला चिकटलेल्या पेशींचा थर. आपल्या शरीरातल्या सामान्य पेशी बाटलीत वाढवल्या तर साधारण चाळीस ते साठ वेळा विभागून थांबतात. लिओनार्ड हेफ्लिक यांनी १९६१ साली हे दाखवलं. एचईके-२९३ थांबत नाहीत. पन्नास वर्षं उलटून गेली, जगभरच्या प्रयोगशाळांत त्या विभागतच आहेत. विषाणूच्या जनुकांनी त्यांची थांबायची समज काढून घेतली आहे.

म्हातारपणाच्या अभ्यासाचं प्रथिन अशा पेशी बनवतात, ज्या म्हाताऱ्याच होत नाहीत. यावर मन ठेवा. आपल्याला अमर व्हावंसं वाटतं तेव्हा नेमकं काय हवं असतं? ही पेशी अमर आहे, पण ती आता कुणाचीच नाही. तिला अवयव नाही, शेजार नाही, काम संपवून बाजूला होणं नाही. शरीरात राहून असं वागणाऱ्या पेशीला आपण कर्करोग म्हणतो. आणि ज्या गर्भापासून हे सगळं सुरू झालं त्याला नाव नाही, वय नाही. त्याची क्षणभर आठवण काढा. तेवढं देणं लागतं.

* * *

आता एक म्हातारं माकड. रीसस जातीचं, बाविशीच्या आसपासचं; माणसाच्या हिशेबात साठी-पासष्टीचं. त्याच्यासमोर बरेच खळगे असलेली पाटी आहे. त्यातल्या एका खळग्यात त्याच्या देखत खाऊ लपवला जातो. मधे थोडा वेळ जाऊ देतात. मग त्याने नेमका तोच खळगा शोधायचा. तरुण माकडाला हे सोपं जातं, म्हाताऱ्याला जड. चष्मा कुठे ठेवला ते आठवत उभ्या राहिलेल्या कुणालाही या माकडाची अडचण समजावून सांगायला नको.

अमेरिकेतल्या येल आणि सॅन फ्रान्सिस्को इथल्या शास्त्रज्ञांनी अशा माकडांना क्लोथोचं एकच इंजेक्शन दिलं आणि २०२३ साली ‘नेचर एजिंग’मध्ये निष्कर्ष मांडले. माकडांना खाऊ जास्त वेळा सापडू लागला आणि हा फरक किमान दोन आठवडे टिकला. मात्रा होती किलोमागे दहा मायक्रोग्रॅम.

त्यांनी मात्रा वाढवूनही पाहिली. जास्त मात्रेला हा गुण आला नाही. ‘अति तिथे माती’ म्हणावं तर तसंही नाही, कारण माती काही झाली नाही. नुसता उपयोग झाला नाही.

माणसांतही असंच काहीसं दिसतं. क्लोथोच्या जनुकाचं एक वेगळं रूप काही लोकांत असतं, त्याला केएल-व्हीएस म्हणतात. दोन प्रतींपैकी एक प्रत या रूपाची असली तर रक्तात क्लोथो थोडं जास्त आढळतं, आणि अशा लोकांची विचारशक्ती चाचण्यांत सरस दिसली आहे. दोन्ही प्रती त्याच असल्या तर तो फायदा दिसत नाही. उलट अशी माणसं वृद्धांमध्ये अपेक्षेपेक्षा कमी आढळली.

डोळे मिटा आणि स्वतःला विचारा: जे चांगलं आहे ते दुप्पट केलं की दुप्पट चांगलं होतं, हा हिशेब मी आयुष्यात कुठे कुठे लावतो? उत्तर शोधायला धावू नका. एखादं येईल. आलं नाही तरी बिघडत नाही.

* * *

शेवटी लेबलावरच्या त्या ओळीकडे या. केवळ संशोधनासाठी.

तुमच्या किंवा शेजारच्या घरात फ्रीजच्या दारात इन्सुलिन असेल. तेही याच तंत्राने बनवलेलं मानवी प्रथिन आहे. १९७८ साली कॅलिफोर्नियात जिवाणूंकडून ते पहिल्यांदा करवून घेतलं आणि १९८२ साली अमेरिकेत औषध म्हणून बाजारात यायला परवानगी मिळाली. अवघी चार वर्षं. कारण प्रश्न आधीच स्पष्ट होता: शरीरात काय कमी आहे, किती कमी आहे, दिल्यावर रक्तातली साखर किती उतरते. गाई-डुकरांच्या स्वादुपिंडातून काढलेलं इन्सुलिन माणसं साठ वर्षं घेत आली होती. क्लोथोचा शोध १९९७ सालचा, आणि आजही म्हातारपणावरचं औषध म्हणून त्याला मान्यता नाही. प्रथिन बनवता येतं. अडलं आहे ते प्रश्नापाशी. म्हातारपणात नेमकं काय कमी झालं? ते कुठे पोचवायचं? इंजेक्शनने दिलेलं क्लोथो रक्तातून मेंदूत सहज शिरत नाही, तरी माकडाची आठवण सुधारली. मधला निरोप कोण नेतो? याची उत्तरं मिळवण्यासाठीच ती कुपी आहे. बशीतल्या पेशींवर घालून बघायला, मोजमापाच्या चाचणीत प्रमाण म्हणून वापरायला, उंदराला देऊन वाट पाहायला.

म्हणून ती ओळ मला त्या लेबलावरची सगळ्यात प्रामाणिक ओळ वाटते. ती सांगते, आम्हाला अजून विचारायचं आहे. संशोधनासाठी बनवलेली प्रथिनं आणि पेप्टाइड्स इंटरनेटवरून मागवून स्वतःला टोचून घेणारी माणसं जगभर आहेत, शिकलेली माणसं. त्यांना मूर्ख म्हणून मोकळं होऊ नका. त्यांची भीती आपलीही आहे. पण भीतीला कुपी दाखवून ती शमत नाही. गीतेच्या तेराव्या अध्यायात ज्ञानाच्या लक्षणांत जरेकडे बघणंही येतं, आणि ज्ञानेश्वरीत त्याचा विस्तार आहे: शहाणा माणूस म्हातारपण यायच्या आधीच, अंगात बळ असताना, त्याच्याकडे नीट बघून ठेवतो. घाबरण्यासाठी नव्हे, वेळेवर वागता यावं म्हणून. तुम्ही आत्ता केलंत ते तेच.

आणि वेळेवर वागायचं तर ते साधं आहे. मूत्रपिंडाचा आजार सुरू झाला की शरीरातलं क्लोथो अगदी सुरुवातीपासून घटू लागतं, आणि तो आजार बराच पुढे जाईपर्यंत दुखत-खुपत नाही. त्याची सगळ्यात मोठी कारणं आपल्या घराघरांत आहेत: मधुमेह आणि रक्तदाब. डॉक्टरांना न विचारता महिनोन् महिने घेतलेल्या वेदनाशामक गोळ्याही मूत्रपिंडाला बाधतात. कोलासारखी पेयं आणि पाकिटबंद पदार्थ यांत मिसळलेलं फॉस्फेट डाळी-कडधान्यांतल्या फॉस्फेटपेक्षा कितीतरी सहज अंगात शिरतं.

तेव्हा कुपी प्रयोगशाळेत राहू द्या. तुम्हाला किंवा घरात कुणाला मधुमेह असेल, रक्तदाब असेल, किंवा साठी उलटली असेल, तर या महिन्यात डॉक्टरांना विचारून रक्तातलं क्रिएटिनिन आणि लघवीतलं अल्ब्युमिन तपासून घ्या, आणि रिपोर्ट जपून ठेवा, म्हणजे पुढच्या वर्षी तुलना करता येईल.